अकरा छर्रे

चांदणी चौकाच्या चढावर
डावा पाय खाली गेला की कट्,
उजवा गेला की काही नाही.
तीन आठवडे मी पायडलला दोष दिला,
मग सीटला,
मग गुडघ्याला.

नाना पेठेत तांबोळींनी सायकल उलटी केली,
क्रँक धरून आडवा हलवला.
"बीबी गेलीय, ताई. पाणी शिरलंय.
नदीपात्रातल्या रस्त्यानं जाता ना?"
जाते. त्यांना कसं कळलं, विचारलं नाही.

काउंटरवर दोन ठेवल्या.
एक सीलबंद, जपानी;
किंमत ऐकून मी पर्सची चेन परत लावली.
"दहा वर्षं बघायला नको हिच्याकडे.
पण गेली की गेली. उघडत नाही."
दुसरी साधी: एक्सल, दोन वाट्या,
कागदाच्या पुडीत छर्रे.

दहा वर्षं.
माझी एकसष्ट, अधिक दहा.
आधी कोण वाजेल, हिशेब लागेना.
साधीच द्या, म्हटलं.

जुना पिंजरा त्यांनी चिमट्यानं उचलला.
नऊ छर्रे, एकूण एकाच्या तोंडावर देवीचे व्रण.
"पिंजऱ्यात नऊच बसतात.
मोकळे सोडले तर अकरा.
वजन वाटलं जातं, वाटी खात नाहीत."
ग्रीसमध्ये एकेक दाबत गेले.
अकरावा मावेना;
मग बाकीचे जरासे सरकले.

"दिवाळीआधी आणत जा. उघडून धुतो."

परतताना नदीपात्र टाळलं, लांबून गेले.
चढावर कान लावला.
कट्.
हा मात्र गुडघाच.
तो सीलबंद आहे.