ज्येष्ठता यादी

नोटीस लागली त्या दिवशी एमआयडीसीत त्रेचाळीस डिग्री होतं
आणि फळ्याची काच इतकी तापलेली
की बोट टेकवून नाव शोधता येईना.
मग नजरेनंच उतरत गेले सतराव्या ओळीपर्यंत:
कोकिळा सुपडू सपकाळे, लूम विभाग, कपात.

हेमराज नव्हता यादीत.
मागच्या दसऱ्यानंतर मीच त्याला शिकवलं
तुटलेली पट्टी कशी ओवायची,
चालत्या लूमवर हात कुठं न्यायचा नाही.
मालकांच्या साडूचा मुलगा.
पोरगा चांगला आहे, त्याच्याशी माझं भांडण नाही.

निकष विचारले तर एक कागद लांबून दाखवला.
कौशल्य आठ, हजेरी नऊ, वर्तन दोन.
दोन कसे?
मॅनेजर म्हणाले, तूच आठव.
आठवलं.
बायकांच्या संडासाला कडी नाही
हे मी तीनदा बोलले होते,
त्यातलं एकदा पाहुणे साहेब आलेले असताना.

चेक तयार होता.
खाली छापलेलं, संपूर्ण आणि अंतिम, काही तक्रार नाही.
पेनाचं टोपणसुद्धा काढून ठेवलेलं.

मी म्हटलं, उद्या येते.

रज्जाकचाचा पिंजारी आमचे जुने हजेरी कारकून,
आता अजिंठा चौफुलीजवळ केळी विकतात.
म्हणाले, "आधी मोज, मंग सही कर."
आणि पुठ्ठ्यावर मोजून दाखवलं.
भरपाई, वर्षाला पंधरा दिवसांचा पगार.
नोटिशीचा महिना वेगळा.
ग्रॅच्युइटी त्याहून वेगळी,
आणि तिथं महिना तीसचा नाही, सव्वीसचा धरायचा.
मला हसू आलं.
जन्मभर पगार तीस दिवस ताणत आले,
महिना सव्वीसचाही असतो हे कुणी बोललंच नव्हतं.

"आन् शेवटी आला तो आधी जातो," चाचा म्हणाले,
"उलटं करायचं तर कारण लिहून द्यावं लागते."
म्हटलं, पंगतीत तसं नसतं चाचा,
मागून बसणाऱ्याला भरीत कमी पडतं,
पण कोणालाच कोणी उठवत नाही.
चाचांनी दोन केळी दिली. पैसे घेतले.

दुसऱ्या दिवशी चेक घेतला, कारण पोराची आयटीआयची फी होती.
सहीशेजारी लिहिलं: हक्क राखून स्वीकारला.
अक्षर वाकडं आलं. मॅनेजरनं ते दोनदा वाचलं.

मग कंपनी म्हणाली, ही तर चौदा सालची.
आधीची सहा वर्षं?
ठेकेदार बदलला, रजिस्टर बदललं,
लूम तोच, मी तीच, डबाही तोच, कडीचा.
(त्या डब्याला कडी होती.)

कामगार अधिकारी बाईंसमोर मी डावा हात टेबलावर ठेवला.
मनगटाच्या वर एक्स्ट्रूडरचा डाग,
कामावरचा नववा दिवस,
हिरव्या चटईचा माल चालू होता तेव्हा.
बाई हळू बोलल्या, पण खरं बोलल्या:
डागावर तारीख नसते.

दवाखान्यात असते.
विमा दवाखान्याच्या तीन चकरा मारल्या,
चौथ्यांदा वच्छला तायडे सोबत आली, ती ओरडू शकते.
कपाटाच्या तळाशी अपघातांची जुनी वही,
एक कोपरा झुरळांनी खाल्लेला, माझी ओळ सोडून:
सपकाळे कोकिळा, भाजणे, डावा हात,
कारखान्याचं नाव,
फेब्रुवारी दोन हजार आठ.
मी ती ओळ परत परत वाचली.
इतकं दुखलं होतं त्या दिवशी,
आणि कुणीतरी निळ्या शाईनं, न घाबरता, लिहून ठेवलं होतं.

मागच्या तारखेला मॅनेजर आले नाहीत, वकील आले.
बाईंनी नक्कल पाहिली, चष्मा काढला, विचारलं,
वर्तन म्हणजे नेमकं काय, ते लिहून आणा.
पुढची तारीख बारा.
निकाल काय लागेल माहीत नाही,
सकाळपाळीचा भोंगा झाला की अजून पाय चपला शोधतात.

परवा वच्छला सांगत होती,
कडी बसवली म्हणे.
पितळी आहे.
आतून नीट लागते.