काल्टवासर

डॅव्हनपोर्टला, औषधांच्या दुकानात,
'के'च्या दांडीवर आज तीन पिशव्या लटकताहेत,
तिन्ही काल्टवासर.
कुणाला काय झालंय ते मी सांगणार नाही,
तशी शपथ घेतलीय, आणि पगारही त्याचाच मिळतो.
पण नाव तर सगळ्यांदेखत पुकारावंच लागतं.

पहिलं वर्षभर मी पुकारायचे कॅल्टवॉसर.
तसंच म्हणायचे ते स्वतःही.
एकदा इर्मगार्डबाईंनी काउंटरवर बोट आपटलं,
'काल्ट. वासर. थंड पाणी.
मूळ गावी विहीर होती म्हणे. मी पाहिली नाही,
माझ्या आजोबांनीसुद्धा नाही.'
वय एक्याण्णव. टेलिफोनच्या खात्यात उभा जन्म
लोकांची बोलणी एकमेकांना जोडून दिली,
एकही ऐकलं नाही म्हणतात.
माझा विश्वास बसतो. त्यांचा बसत नसावा.

फलटणला आईला फोनवर सांगितलं हे नाव.
ती म्हणाली, 'कालवड की वासरू?
एकच काय ते सांग.'

डेल्बर्ट बार्जवर दोर बांधतो,
महिनाभर नदीत, महिनाभर घरी,
आणि घरी असला की कुणाशी बोलत नाही.
सुन-ही कोरियातून आली, पाच महिन्यांची,
अंगात दुसऱ्या कुठल्या बाळाचा स्वेटर,
आता दातांची डॉक्टर. लोक दारावरची पाटी वाचतात,
तिच्याकडे बघतात, पुन्हा पाटी वाचतात.
एफ्राइन चिवावाचा. त्याचा पणजोबा खाणीत इंजिनिअर होता,
लग्न न करता नाव तेवढं ठेवून परत गेला.
एफ्राइन छपरं घालतो. जुलैत डांबर पायाखाली मऊ होतं
तेव्हा वरून ओरडतो, 'थंड पाणी!'
आणि स्वतःच हसतो.

'सी'च्या दांडीवर कोल्डवॉटर आहेत.
पहिल्या महायुद्धात इथे जर्मन बोलायला बंदी आली,
टेलिफोनवरसुद्धा,
तेव्हा दोन भावांपैकी धाकट्यानं दुकानाची पाटी रंगवून घेतली.
थोरल्यानं नाही. त्याच्या दाराला कुणी पिवळा रंग फासला.
तो त्यानं मरेपर्यंत काढला नाही, असं के-वाले सांगतात.
धाकटाच रात्री येऊन खरवडून गेला, असं सी-वाले.
दोन दांड्यांमध्ये अंतर चार हात.

'आणि तुझं काय ते? टाकावॉल?'
'ताकवले.'
आता ताक कसं सांगायचं? म्हटलं,
'लोणी काढून घेतल्यावर राहतं ते.'
बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.
'त्यात पाणी घालतात?'
'घालतात. थंड.'
'मग लागतेस तू आमची काहीतरी,'
म्हणत सुटे पैसे मोजत राहिल्या.
बावीस सेंट कमी निघाले. मी घातले.

चौदा दिवस कुणी आलं नाही
की पिशवी उतरवायची, लेबल सोलायचं, असा नियम.
इर्मगार्डबाईंचा आज चौदावा.
घरी फोन लावला,
नुसती घंटा, नुसती घंटा.
नखानं लेबलाचा कोपरा उचलला होता मी,
तेवढ्यात बुटांचं बर्फ झाडत एक जण आला.
'इर्मगार्डचं औषध न्यायचंय.'
'तुम्ही कोण त्यांचे?'
त्याला बराच वेळ लागला.
'आम्ही ते, पाटी रंगवलेले.
पायरीवर घसरली ती. आमच्याकडे आणलीय.
आमच्या कॉफीला नावं ठेवतेय.'

'जन्मतारीख?'
त्याला ठाऊक नव्हती. मला पाठ आहे.
पण नियम.

तो बाहेर फुटपाथवर जाऊन फोन लावतो,
काचेतून दिसतो मला, टोपी काखेत, तोंडातून वाफ,
काहीतरी मोठ्यानं विचारतो, थांबतो,
पुन्हा म्हणतो, पुन्हा थांबतो.
तारीख एवढी अवघड नसते.
मी त्याचे ओठ बघते:
काल्ट.
नाही, परत.
काल्ट. वासर.