टोपणभर पाणी

सीपीआरच्या फाटकातून बाहेर पडून
रस्ता ओलांडला की टाऊन हॉलची बाग.
तेरा दिवस मी तिथंच दुपार काढतोय.
वॉर्डात एकालाच थांबता येतं
आणि दुपारची पाळी भाच्याच्या बायकोची.

पहिल्या दिवशी वाटलं,
झाडाला कुणी काळ्या पिशव्या बांधल्यात.
मग एका पिशवीनं पंख उघडला
आणि स्वतःलाच वारा घालायला लागली.

उद्यमनगरात लेथवर जन्म गेला माझा,
मोजायची खोड हातातच मुरलीय.
एका फांदीवर एक्केचाळीस.
दुसरीवर मोजता मोजता भांडण लागलं,
सगळा हिशेब उडाला आणि जागा बदलून बसला.
कचकच, ढकलाढकली,
वडापची जीप भरताना होते तशी;
फरक एवढाच, इथं सगळे उलटे.

अक्का लहानपणी ह्यांना फार भ्यायची.
चुलती सांगायची, तोंडाला चिकटलं की
गाढव ओरडल्याबिगर सुटत न्हाई.
दिवेलागणीला विहिरीवर जाताना
शालनअक्का परकराचा घोळ डोक्यावर घ्यायची
आणि मी मागनं गाढवासारखा ओरडत जायचो,
सुटका आधीच करून ठेवलेली बरी म्हणून.

चौदाव्या दिवशी ऊन असं
की बाकड्याच्या लोखंडाला हात टेकवेना.
वर अख्खं झाड पंखे हलवत होतं.
आणि धप्प.
आंब्याएवढं काहीतरी पाचोळ्यात पडलं.

जवळ गेलो. कोल्ह्याचं तोंड,
तांबूस लव मानेवर,
डोळे तेल लावलेल्या बेअरिंगच्या गोळ्या.
पंखाच्या टोकाला एक नख,
त्या नखानं एक वाळकं पान
घट्ट धरून ठेवलेलं.

"हात लावू नगासा!"
इलाहीमामा पाइप टाकून आले.
"चावलं तर तुमालाबी समोर ॲडमिट करत्यात."
पोत्याच्या घडीत उचललं त्यांनी,
सुनेच्या हातातलं तान्हं घ्यावं तसं.
"आईच्या पोटाला धरून असतंय. उन्हानं धर सुटली.
पानी हाय का?"

होतं. अक्कासाठी भरलेली बाटली.
सिस्टर रोज बजावते:
पाजायचं नाही, टोपणभर फक्त,
ओठ ओले होतील एवढंच.
टोपण धरणं आता जमतं मला.
कलतं धरायचं. थेंब कडेला येऊ द्यायचा.
घाई करायची नाही.
जीभ येते मग.

आली.
गुलाबी, लांब,
आणि मला वाटलं नव्हतं इतकी स्वच्छ.

मामांनी पोतं खालच्या फांदीला टांगलं.
"आई आली तर घिऊन जाईल. न्हाईतर..."
उरलेलं वाक्य त्यांनी
हिरवळीवर पाइपच्या पाण्यात सोडलं.

सात वाजता झाडं रिकामी व्हायला लागली.
एक, मग चार, मग मोजणं सोडलं.
विजेच्या तारांवरून, पंचगंगेच्या अंगाला,
दिवसभर एकमेकांच्या उरावर बसलेली ती
आता एवढ्या अंतरानं, एवढी गप्प.
पोत्याकडं मी बघितलं नाही.
भेटायची वेळ सुरू झाली होती.

टोपण तिथंच टाकलं,
वीस रुपयांची नवी बाटली घेतली,
नळाखाली साबणानं हात धुतले, दोनदा.
तरी अक्कानं नाक उचललं.
"कसला वास येतोय रं? पिकल्या उंबराचा?"

सांगितलं सगळं.
ती बराच वेळ छताच्या पंख्याकडं बघत राहिली.
"मी आलो असतो की बघायला," म्हणाली.
मग डोळे मिटून, अगदी बारीक आवाजात,
"ओरड की."

अठरा खाटा.
सिस्टरची पाठ वळायची वाट बघत
मी घसा खाकरला.