पैनगंगेपल्याड

सत्तावीस वर्षं बाजार समितीचा कारभार.
मग एका रात्री भाऊसाहेबांचा निरोप :
काही दिवस गावात दिसू नका.
पिदुरकर मामाजी नदी ओलांडून आमच्या दारात आले.
त्या काही दिवसांना आता सहा वर्षं झाली.

सुजलेला पाय पाटावर.
जिनिंगच्या जुन्या हिशेबवहीत, मागच्या कोऱ्या पानांवर
ते फुटीचा इतिहास सांगतात, मी लिहितो.

आज ढवसाचं पान.
ज्यानं यांच्या घरावर माणसं धाडली, तो.
मी पेन घेऊन तयार, शिव्या लिहायला.
मामाजी गप्प. बाहेर पऱ्हाटीवर ऊन.
"लिव्ह. तूर सडली त्या साली
ह्या माणसानं सोताच्या खळ्यातून
अख्ख्या गावाले दाणा देल्ला."
"काहून लिवाचं हे?"
"घडलं म्हणून."

भाऊसाहेबांचं पान तेवढं कोरं.
तीनदा नाव सांगितलं,
तीनदा म्हणाले, खोड.

संध्याकाळी काठावर नेतो त्यांना.
पलीकडे दिवे लागतात,
एक भाऊसाहेबांच्या माडीचा.
मामाजींची लेक त्या घरची सून.
ते बोट दाखवत नाहीत.
पाण्यात पाय सोडून बसतात,
सूज उतरते म्हणे.