अंतरपाटाचा उजेड

खडेबाजारात शिवलिंगप्पानं
सेकंडहँड फ्लॅश हातात दिला,
कटकन मान वर केली त्याची:
“मारीगी होडीब्याड.”
तोंडावर मारू नको, छताला मार,
छत परत देतंय.

नंदगडात छत कुठलं?
धुरानं काळी कौलं.
दोनदा मारला. उजेड वर गेला
आणि तिथंच राहिला.

मग अंतरपाट धरला,
धुतलेला, कडेला हळदीचा जुना डाग.
फ्लॅशची मान तिकडं वळवली.
रेणुकाची नथ,
वरच्या ओठावरचा घाम,
घाईत लावलेली पावडरसुद्धा
मऊ दिसली कॅमेऱ्यात.

शेवटच्या मंगलाष्टकाला
चारी सेल दमले.
बारीक शीळ नुसती,
लाल दिवा लागेना.
पाट खाली आला.
ती त्याच्याकडं बघून हसली.

ते हसू
माझ्याकडं नाही.