पोच

प्रति,
मा. मुख्याध्यापिका,
इथपर्यंत बोटं आपोआप जातात.
ठाण्यात कोर्ट नाक्यावर, निळ्या ताडपत्रीखाली
एकोणीस वर्षं हेच करतोय :
वारसनोंद, जन्मदाखल्यातली दुरुस्ती,
सोसायटीचं भांडण, पाण्याचं फुगलेलं बिल.
माणूस उभ्याउभ्या रडगाणं सांगतो,
मी त्याचं 'उपरोक्त विषयास अनुसरून' करून देतो.
दहा मिनिटं. चाळीस रुपये.

आज गिऱ्हाईक मीच,
आणि 'विषय'पुढची दोन टिंबं
मघापासून माझ्याकडे बघताहेत.

विषय : माझी मुलगी.
नाही, असं नसतं लिहायचं.
विषय : इयत्ता चौथी ब मधील कु. मृण्मयी धनंजय गावंड हिला
विशेष शिक्षकाची मदत व परीक्षेत जादा वेळ मिळणेबाबत.

'बाबत' किती लांब उभा राहतो माणसापासून.

मृण्मयी. नाव मीच ठेवलं.
हिच्या आईला साधं हवं होतं, उमा, नाहीतर जाई.
पण माझी ऐट :
ऋकार आणि अर्धा ण एका दमात काढणारा टायपिस्ट मी.
आता ती वहीच्या कोपऱ्यात लिहिते 'मयी'
आणि उरलेल्या नावासाठी
आधी जागा सोडून ठेवते.

तिचा घ ध होतो, भ म होतो.
'घर' लिही म्हटलं की लिहिते 'धर'.
बाईंनी लाल फुली मारली.
मी त्या शब्दाकडे बराच वेळ बघत बसलो.
कुणाला सांगत होती?

आणखी एक आहे, ते अर्जात येणार नाही.
दिवाळीच्या आधी एका रात्री
'भार'चं तिने 'मार' लिहिलं, पाचव्यांदा,
आणि मी ते हुकूम समजून वाचलं.

संदर्भ : सरकारी दवाखान्याचा दाखला, चार खेपांनंतरचा.
तिथल्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या, बुद्धी उत्तम आहे,
अक्षरांशी जमत नाही तिचं, एवढंच.
ते 'एवढंच' ऐकून हिची आई
जिन्यात बसून राहिली.

महोदया,
आमच्याकडे तशी सोय नाही, असं आम्हाला तोंडी सांगण्यात आलं.
नाक्यावर मी सगळ्यांना बजावतो,
तोंडी म्हणजे वारा.
तरी आपणास नम्र विनंती
(नम्र खोडलं)
की आपण कृपावंत होऊन
(हजारदा टाइप केलेला शब्द, तोही खोडला;
कायद्यात आहे ती कृपा कशी?)
मग उरलं ते फारच उघडं दिसायला लागलं.
'विनंती' राहू दिली.
शेवटी पोरीला रोज तिथेच बसायचंय.

शनिवारी तिला घेऊन गेलो. दोन प्रती.
कारकून म्हणाले, ठेवून जा, मॅडम मीटिंगमध्ये आहेत.
म्हटलं, पोच द्या.
पोच कसली? शाळा आहे ही, कचेरी नाही.
मी हललो नाही.
मागे फी भरणाऱ्यांची रांग खोकायला लागली.
मग त्यांनी ड्रॉवर उचकला, शिक्का काढून टेबलावर ठेवला.
पॅड कोरडं. बाटलीतल्या पाण्याचे दोन थेंब टाकले त्यावर.

तेवढ्यात मृण्मयीने शिक्का उचलला, उताणा केला,
रबरावरून बोट फिरवलं
आणि रांगेला ऐकू जाईल अशी म्हणाली,
"बाबा, यांची पण अक्षरं उलटी आहेत."

कारकुनांनी तो तिच्या हातातून घेतला,
चष्मा कपाळावर सरकवून एकदा बघितला,
कदाचित नोकरीत पहिल्यांदाच,
आणि कागदावर दाबला.
शाळेचं नाव अर्धंच उमटलं. तारीख पुसट.
चालेल.
अर्जाचं काय होईल, कुणीच बोललं नाही.

तलावपाळीवर वारा होता.
शिक्क्याची प्रत तिच्या हातात दिली,
म्हटलं,
धर.