ग्लेनिसच्या नाकाला काय म्हणायचं

ग्रिम्सबीच्या वाचनालयात, दर मंगळवारी, खिडकीकडच्या टेबलावर
मी लोकांचे अर्ज शिवून देतो.
म्हणजे जाहिरातीतले शब्द उसवायचे
आणि समोरच्याच्या आयुष्याला टाचायचे,
टाके दिसणार नाहीत असे.

ग्लेनिस स्टॅमर्स आली ती ओल्या कोटासकटच बसली.
एकतीस वर्षं एकाच शेडमध्ये हॅडॉक कापले.
फेब्रुवारीत शेडला कुलूप लागलं.
तिचा कागद अर्ध्या पानाचा, निळ्या शाईतला:
‘मासे साफ केले. कधी सुट्टी घेतली नाही.
घेतली. एकदा. आई गेली तेव्हा.’

मी म्हणालो, हे आधी माणसाच्या हातात जात नाही, ग्लेनिस.
आधी यंत्र चाळतं.
त्याला सांगून ठेवलेले वीसेक शब्द सापडले
तर अर्ज वर, नाहीतर भुशात.
‘म्हणजे आमचा मुकादम बर्ट,’ ती म्हणाली.
‘पट्ट्यावरून येणाऱ्या माशाची नुसती लांबी बघायचा,
डोळा कधी बघितला नाही.
त्याला बढती मिळाली.’

मग जाहिरात मध्ये ठेवून बसलो दोघं.
पहाटे चारला उठणं झालं वेळेचं नियोजन.
लिथुएनियाहून आलेल्या पोरींना सुरी धरायला शिकवलं,
ते प्रशिक्षण व नेतृत्व.
बर्फाने बधिर झालेल्या बोटांनी
केसाएवढा काटा हुडकून काढणं
गुणवत्ता नियंत्रण.
‘आणि बर्टला भर शेडमध्ये शिव्या घातल्या त्या?’
व्यवस्थापनाशी प्रभावी संवाद.
ती इतकी हसली
की पलीकडचा म्हातारा घोड्यांच्या शर्यतीचं पान खाली करून बघायला लागला.

हसता हसता थांबली.
‘हे खोटं नाही ना?’
नाही, म्हटलं, भाषांतर समज.
‘मग माझ्या भाषेत काय वाईट होतं?’

याला माझ्याकडे कीवर्ड नव्हता.
मी प्रिंटरमध्ये कागद आहेत का ते बघून आलो.
होते.

जाहिरातीत खाली, शेवटून तिसरा शब्द: संवेदी परीक्षण.
मी त्यावरून बोट पुढे सरकवलं.
‘काय असतं ते?’
प्रयोगशाळेतलं काहीतरी. पदवी लागत असेल.
डोळ्यांनी, हाताने, नाकाने माल ताजा आहे की नाही ते ठरवायचं.
ती जरा वेळ काही बोलली नाही.
मग टेबलाखालच्या माझ्या पिशवीकडे हनुवटी करून म्हणाली,
‘तुझं सँडविच ट्यूनाचं आहे.
परवा रात्री केलंयस.
खाऊ नकोस.’

संवेदी परीक्षण. एकतीस वर्षं.
सगळ्यात वर टाकलं, नावाच्या लगेच खाली.
आणि त्याखाली तिने हट्टाने एक ओळ लिहायला लावली:
‘झाकण न उघडता सांगते, हॅडॉक कितव्या दिवसाचा.’
मी म्हटलं, ही ओळ यंत्र मोजणार नाही,
हिच्यात एकही शब्द त्याच्या कामाचा नाही.
‘नसू दे. यंत्राच्या मागे कुणीतरी जेवत असेलच की.’

पाठवा, असं बटण होतं.
ग्लेनिसने तर्जनी कोटाला पुसली,
दोन्ही बाजूंनी, नखाजवळ पुन्हा एकदा,
मालाला हात लावण्याआधी पुसतात तशी,
आणि दाबलं.
पडद्यावर गोल फिरत राहिलं काहीतरी.
‘एवढंच?’
एवढंच.
तिने आपला निळ्या शाईचा कागद घडी करून परत घेतला.

साडेपाचला दिवे मालवून मी बंदराकडच्या थांब्यावर गेलो.
बसला उशीर होता, भूक होती.
पिशवी उघडून सँडविच नाकाशी धरलं,
डोळे मिटून, मन लावून.
मला कसलाच वास आला नाही.
तरी टाकून दिलं.